पॉइंट टू-टू रायफलची निवड: आधी कायदा, मग कारागिरी

म्हैसूर : रायफल आणि म्हैसूर यांचे नाते जुने आहे. संस्थानी काळात बंदीपूर आणि नागरहोळेच्या जंगलांत राजेरजवाडे व इंग्रज अधिकारी शिकार करीत असत. शिकार केलेल्या प्राण्यांच्या कातड्यात भुसा भरून ते जिवंत भासतील असे उभे करण्याचे काम याच शहरातील व्हॅन इंगेन कुटुंबाच्या कारखान्यात होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेला हा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या छंदाला पूर्णविराम दिला होता.

आज म्हैसूरमधील तरुणाच्या हातात पहिल्यांदा रायफल येते ती बहुधा राष्ट्रीय छात्र सेनेच्या, म्हणजेच एनसीसीच्या शिबिरात. चांदमारीच्या मैदानावर पोटावर झोपून, २५ यार्डांवरील लक्ष्यावर झाडलेल्या पाच गोळ्या अनेकांच्या कायमच्या स्मरणात राहतात. ती रायफल असते पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ इंच व्यासाची. त्यातील काहींना पुढे हा खेळ गांभीर्याने खेळावासा वाटतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावल्यानंतर या ओढीला नवे बळ मिळाले. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांनी वापरली तीही पॉइंट टू-टू रायफलच.

मग शोध सुरू होतो तो चांगल्या रायफलचा. इंटरनेटवर शोध घेणाऱ्यास बहुतेक माहिती अमेरिकेतील मिळते आणि तेथे सर्वाधिक चर्चा असते ती अर्धस्वयंचलित म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक रिमफायर रायफलींची. दहा गोळ्यांचे मॅगझिन, प्रत्येक वेळी चाप ओढला की एक गोळी आणि बोल्ट हाताने मागेपुढे करण्याची कटकट नाही, असे हे आकर्षक चित्र असते. भारतातील वाचकाने मात्र या चित्राकडे पाहताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यायला हवी. ही रायफल आपल्याकडे नेहमीच्या परवान्यावर मिळत नाही आणि ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत तिला स्थानही नाही. असे का आहे आणि मग निवड कशाची व कशी करायची, याचा हा आढावा.

रिमफायर म्हणजे काय?

कोणत्याही काडतुसाचे चार भाग असतात: पितळी कवच, त्यातील दारू, पुढची शिशाची गोळी आणि दारूला ठिणगी देणारे ज्वालाग्राही मिश्रण. हे मिश्रण कोठे ठेवले आहे, यावरून काडतुसांचे दोन मुख्य प्रकार पडतात. सैन्याच्या रायफलींच्या काडतुसात ते तळाच्या मध्यभागी बसवलेल्या छोट्या टोपीत असते. त्याला सेंटरफायर म्हणतात. रिमफायर काडतुसात अशी टोपी नसते. कवचाच्या तळाला जी बारीक कड असते, तिच्या पोकळीतच मिश्रण पसरलेले असते. रायफलची पिन या कडेवर आघात करते, कड चेपली जाते आणि ठिणगी पडते.

ही कड चेपली जावी म्हणून कवचाचे पितळ पातळ ठेवावे लागते. त्यामुळे या काडतुसात फार मोठा दाब निर्माण करता येत नाही. कमी दाब, कमी आवाज, नगण्य धक्का आणि कमी किंमत हे रिमफायरचे गुण याच रचनेतून आले आहेत. तिच्या मर्यादाही तेथूनच येतात. एकदा झाडलेले कवच पुन्हा भरून वापरता येत नाही. शिवाय मिश्रण कडेभोवती सर्वत्र सारखे पसरले नसेल, तर एखादे काडतूस पेट घेत नाही.

जगभर वापरले जाणारे .२२ लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये बाजारात आणले. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही त्याचे मूळ रूप बदललेले नाही. त्याची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असून स्पर्धेसाठीच्या काडतुसात तिचा वेग सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून किंचित कमी ठेवलेला असतो. यामागे कारण आहे. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने निघालेली गोळी वाटेत मंदावते आणि ध्वनीच्या वेगाची सीमा उलट ओलांडताना किंचित डळमळते. स्पर्धेत ५० मीटरवरील लक्ष्याच्या मध्यभागी असलेल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. तेथे एवढी डळमळही पदक हिरावून घेऊ शकते.

'स्वयंचलित' आणि 'अर्धस्वयंचलित'

बातम्यांच्या मराठीत या दोन शब्दांची सरमिसळ वारंवार होते. अनुवाद करताना 'अर्ध' हा उपसर्ग गळून पडतो आणि अर्थ पार बदलतो. म्हणून हा फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे.

स्वयंचलित बंदुकीत चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. चाप सोडल्यावर किंवा मॅगझिन रिकामे झाल्यावरच ती थांबते. अर्धस्वयंचलित बंदुकीत चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते. मात्र रिकामे कवच बाहेर फेकणे आणि पुढचे काडतूस नळीत सरकवणे ही कामे बंदूक स्वतःच करते. तिसरा प्रकार बोल्ट अॅक्शनचा. यात प्रत्येक गोळीनंतर नेमबाजाला खिट्टीसारखा बोल्ट हाताने उचलून मागे ओढावा आणि पुढे ढकलावा लागतो. बोल्ट अॅक्शनमध्येही दोन जाती आहेत. एकीत मॅगझिन असते. दुसरीत प्रत्येक काडतूस हाताने नळीत ठेवावे लागते.

अर्धस्वयंचलित रिमफायर रायफलची यंत्रणा साधी असते. तिला ब्लोबॅक म्हणतात. गोळी पुढे ढकलणारा वायूच कवचाला मागे ढकलतो. बोल्टचे वजन आणि त्यामागील स्प्रिंग या धक्क्याला क्षणभर अडवून धरतात. तोवर गोळी नळीबाहेर पडलेली असते. नंतर बोल्ट मागे जातो, कवच बाहेर फेकतो आणि परतताना नवे काडतूस घेऊन येतो. हे गणित गोळीची ताकद, बोल्टचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांच्या समतोलावर अवलंबून असते.

कायदा काय सांगतो?

भारतात शस्त्रांचे नियमन १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि आता २०१६ च्या शस्त्र नियमांनी होते. चाप दाबून धरल्यावर सलग गोळ्या सुटणाऱ्या बंदुका कायद्याच्या व्याख्येनुसारच निषिद्ध आहेत. अर्धस्वयंचलित बंदूक या व्याख्येत बसत नाही. तथापि नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे जे वर्ग पाडले आहेत, त्यात तिला निषिद्ध शस्त्रांच्याच पहिल्या वर्गात, पुढच्या उपवर्गात ठेवले आहे. १९६२ च्या जुन्या नियमांतही तिची जागा तीच होती.

याच अनुसूचीत पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर यांची नोंद तिसऱ्या वर्गात स्वतंत्रपणे केलेली असून त्यांना अर्धस्वयंचलित शस्त्रांवरील बंधनातून वगळले आहे. परिणामी एक वरकरणी विसंगत वाटणारी स्थिती निर्माण होते. .२२ ची अर्धस्वयंचलित पिस्तूल परवान्यावर मिळू शकते. तीच गोळी झाडणारी, तितक्याच साध्या यंत्रणेची रायफल मात्र सामान्य परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारात वापरले जाणारे शस्त्र .२२ चे अर्धस्वयंचलित पिस्तूलच असते. म्हणजे अर्धस्वयंचलित रिमफायरचे कसब मराठी घरांना अपरिचित नाही. ते रायफलमध्ये नव्हे, पिस्तुलात आहे, इतकेच.

बोल्ट अॅक्शनची .२२ रायफल तिसऱ्या वर्गात मोडते. तिचा परवाना जिल्हा प्रशासनाकडून किंवा पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडून मिळू शकतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने लक्ष्यवेधाच्या सरावासाठी वापरलेली .२२ रायफल किंवा एअर रायफल यांना मात्र कायद्यानेच या संख्येच्या मर्यादेतून सूट दिली आहे. संसदेने एखाद्या विशिष्ट व्यासाच्या रायफलचा नावानिशी उल्लेख करून तिला खेळाचे साधन मानले, ही बाब लक्षणीय आहे.

याच दुरुस्तीतील आणखी एक तरतूद हौशी मंडळींनी विसरता कामा नये. एका वर्गातील बंदुकीचे दुसऱ्या वर्गातील बंदुकीत परवान्याविना रूपांतर करणे हा आता गुन्हा आहे. बोल्ट अॅक्शन रायफल 'थोडी सुधारून' अर्धस्वयंचलित करून देतो, असे सांगणारा कारागीर भेटला, तर तो ग्राहकाला तुरुंगाची वाट दाखवीत आहे असे समजावे. विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

कोडगूची सवलत

म्हैसूरलगतच्या कोडगू जिल्ह्यात घरोघरी बंदूक दिसते आणि कैलपोढ सणाला तिची पूजा होते. त्यामुळे या भागात बंदुकीला परवानाच लागत नाही, असा समज दूरवर पसरलेला आहे. वस्तुस्थिती अशी की कोडवा समाजातील व्यक्तींना आणि जम्मा प्रकारच्या पारंपरिक जमीनधारकांना परवान्यातून सवलत आहे. ब्रिटिश काळापासून चालत आलेली ही सवलत केंद्र सरकारने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी, म्हणजे २०२९ पर्यंत वाढवली. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. परंतु ही सवलत ठरावीक लोकांपुरती आणि ठरावीक शस्त्रांपुरती आहे. शेजारच्या म्हैसूरच्या रहिवाशाला तिचा आधार घेता येत नाही.

इतर देशांनी रेषा कोठे आखली?

भारतीय कायदा यंत्रणा पाहून वर्ग ठरवतो. इतर काही देशांनी यंत्रणेबरोबर काडतुसाची ताकदही विचारात घेतली आहे. ब्रिटनमध्ये १९८७ साली हंगरफोर्ड येथे एका माथेफिरूने १६ जणांचे बळी घेतले. त्यानंतर १९८८ च्या कायद्याने अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली, पण.२२ रिमफायरला तीतून वगळण्यात आले. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडात ३५ जण मृत्युमुखी पडले. तेथे अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल निर्बंधित वर्गात गेली आणि मुख्यतः शेतीसारख्या सिद्ध गरजेपुरती उरली. न्यूझीलंडमध्ये मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींवरील हल्ल्यात ५१ जण ठार झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या कायद्याने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुका बंद केल्या, मात्र दहापर्यंत गोळ्या मावणाऱ्या .२२ रिमफायरला सूट ठेवली.

या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: बंदूक किती वेगाने गोळ्या झाडते हे महत्त्वाचे, की तिची गोळी किती घातक आहे हे? ब्रिटन आणि न्यूझीलंडने .२२ ला वेगळे काढले, ऑस्ट्रेलियाने तिच्यावर अंकुश ठेवला. भारताने पहिल्या निकषाला प्राधान्य दिले आहे. त्याबद्दल मतभेद असू शकतात. परंतु रायफल घेऊ पाहणाऱ्याने हिशेब मांडायचा तो आज अस्तित्वात असलेल्या नियमांनुसारच.

परदेशात चांगली रायफल कशी ओळखतात?

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींचा या रायफलींशी प्रत्यक्ष संबंध येतो. येथील वाचकालाही तेथील चर्चा समजून घेण्यासाठी काही निकष माहीत असणे उपयोगी आहे.

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध रायफल म्हणजे रुगर कंपनीची १०/२२. ती १९६४ मध्ये बाजारात आली आणि तिच्या लाखो प्रती विकल्या गेल्या. तिचे यश दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे तिचे फिरत्या चकतीचे दहा गोळ्यांचे मॅगझिन. रिमफायर काडतुसाला कड असल्यामुळे सरळ मॅगझिनमध्ये एका काडतुसाची कड दुसऱ्याच्या कडेमागे अडकण्याचा संभव असतो. चकतीच्या खाचांत प्रत्येक काडतूस वेगळे राहत असल्याने ही अडचण टळते. दुसरी म्हणजे सुट्या भागांची विपुलता. नळी, चाप, दस्ता असे सर्व भाग मालकाला बदलता येतात. १९६० मध्ये आलेली मार्लिन मॉडेल ६० ही तिची जुनी प्रतिस्पर्धी. तिचे मॅगझिन नळीच्या खाली समांतर बसवलेल्या दुसऱ्या नळीत असते.

कोणत्याही अर्धस्वयंचलित रिमफायरची परीक्षा पहिल्यांदा विश्वासार्हतेवर होते. ब्लोबॅक यंत्रणेला ठरावीक ताकदीचे काडतूस लागते. स्पर्धेची मंद गतीची काडतुसे काही रायफलींत बोल्ट पुरता मागे ढकलत नाहीत आणि कवच अडकते. म्हणून एकाच रायफलमध्ये निरनिराळ्या कंपन्यांची काडतुसे झाडून कोणती विनाअडथळा चालतात हे पाहतात. दुसरा निकष स्वच्छतेचा. रिमफायरची गोळी उघड्या शिशाची, मेणासारखे वंगण लावलेली असते. तिची काजळी यंत्रणेत साचते. रायफल सहज उघडता आणि पुसता येते का, हे महत्त्वाचे ठरते. तिसरा निकष चापाचा. कारखान्यातून येणारे स्वस्त रायफलींचे चाप जड आणि खरखरीत असतात. चौथा अचूकतेचा. येथे अर्धस्वयंचलित रायफल सहसा बोल्ट अॅक्शनच्या मागे पडते, कारण तिच्या कोठीत काडतूस सैलसर बसावे लागते. अन्यथा ते आपोआप आत-बाहेर होणार नाही.

शेवटचा मुद्दा कळीचा आहे. जी सैल जागा अर्धस्वयंचलित रायफलला चालती ठेवते, तीच तिच्या अचूकतेची मर्यादा ठरते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार ५० मीटर स्पर्धेत प्रत्येक गोळी हातानेच भरावी लागते. म्हणजे अर्धस्वयंचलित रायफल मिळाली असती, तरी पदकाच्या वाटेवर ती कामाला आली नसती.

मग भारतात निवड कशी करावी?

पहिला सल्ला कदाचित निराश करील: सुरुवातीला रायफल विकत घेऊच नये. भारतातील बहुतेक नामांकित नेमबाजांनी १० मीटर एअर रायफलवर पाया घातला. ज्या एअर रायफलचा व्यास ४.५ मिलिमीटरहून अधिक नाही आणि जिच्या छऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही. उभे राहण्याची ढब, श्वासावर ताबा आणि चाप हळुवार दाबणे या तिन्ही गोष्टी तिच्यावर शिकता येतात. त्यानंतर जिल्हा किंवा राज्य रायफल संघटनेचे सदस्यत्व घ्यावे आणि क्लबच्या .२२ रायफलवर सराव करावा. म्हैसूरसह कर्नाटकातील अनेक जिल्ह्यांत पोलीस दलाच्या वतीने नागरिकांसाठी बंदूक प्रशिक्षणाची शिबिरे होतात. तेथेही सुरक्षित हाताळणीचे पहिले धडे मिळू शकतात.

काही महिन्यांच्या सरावानंतर स्वतःच्या रायफलचा विचार करणाऱ्यापुढे साधारण तीन मार्ग असतात. पहिला, भारतीय आयुध निर्माणींची .२२ स्पोर्टिंग रायफल. आयुध निर्माणी मंडळाचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले असून रायफलींचे काम कानपूरच्या, तर दारूगोळ्याचे काम पुण्यातील कंपनीकडे आले आहे. सरावाला आणि शिकण्याला या रायफली ठीक असतात. दुसरा मार्ग जुन्या विदेशी रायफलींचा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकांना बंदुका आयात करता येत नाहीत. त्यामुळे त्याआधी आलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनो किंवा जर्मनीच्या अॅन्शुट्झसारख्या रायफली परवानाधारकांमध्ये हस्तांतरित होत राहतात आणि त्यांना मोठी किंमत येते. तिसरा मार्ग स्पर्धेत ठरावीक दर्जा गाठलेल्या नेमबाजांसाठी आहे. त्यांना राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीने स्पर्धेची रायफल आयात करता येते. या संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाने भरणारी मावळंकर स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवण्याची पायरी म्हणून ओळखली जाते.

मार्ग कोणताही असो, रायफल पाहताना पुढील बाबी तपासाव्यात.

मापाची जुळणी: चपला जशा पायाच्या मापाच्या घ्यायच्या, तशी रायफल शरीराच्या मापाची घ्यावी. दस्ता खांद्याला टेकवून गाल त्यावर ठेवला असता डोळा आपोआप नेम धरण्याच्या खुणेच्या रेषेत यायला हवा. त्यासाठी मान ताणावी किंवा झुकवावी लागत असेल, तर ती रायफल आपली नव्हे. स्पर्धेच्या रायफलींत दस्त्याची लांबी आणि गालाखालील पट्टीची उंची बदलता येते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ही सोय अत्यावश्यक आहे.

वजन आणि तोल: पुरुषांच्या ५० मीटर स्पर्धेत रायफलचे वजन ८ किलोपर्यंत असू शकते. जड रायफल स्थिर राहते, परंतु अंगात तेवढे बळ नसेल तर तासाभराने हात थरथरू लागतात. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभे राहून प्रत्येकी २० गोळ्या झाडाव्या लागतात. तिन्ही स्थितींत तोल साधणारी रायफल हवी.

चाप: चाप ओढताना तो नेमका कोठे सुटेल याचा अंदाज प्रत्येक वेळी सारखाच यायला हवा. चाप हलका असण्यापेक्षा तो एकसारखा असणे महत्त्वाचे. रिमफायर रायफल रिकामी असताना चाप ओढून पाहण्याआधी मात्र विक्रेत्याला विचारावे. काही रायफलींत पिन थेट कोठीच्या काठावर आदळते आणि तेथे खोच पडते.

नळी: नळी लांब म्हणजे गोळी वेगवान, हा समज रिमफायरच्या बाबतीत खोटा आहे. एवढ्याशा काडतुसातील दारू सुमारे ४० सेंटिमीटरच्या आतच जळून जाते. लांब नळीचा उपयोग नेम धरण्याच्या दोन खुणांतील अंतर वाढण्यासाठी होतो. जुन्या रायफलची नळी प्रकाशाकडे धरून आतून पाहावी. नळीतील पेच स्पष्ट आणि चकचकीत दिसले पाहिजेत. काळे डाग किंवा खड्डे म्हणजे गंज. नळीच्या तोंडाशी ओरखडा किंवा ठेच असेल, तर अचूकता गेली असे समजावे. किनारपट्टीवरील दमट हवेत राहिलेल्या रायफलींबाबत ही तपासणी विशेष काटेकोर असावी.

काडतुसांशी मैत्री: प्रत्येक नळीला एखादे विशिष्ट काडतूस मानवते. एकाच कंपनीच्या दोन उत्पादन-गटांतही फरक पडतो. म्हणून अव्वल नेमबाज रायफल शिकंज्यात पक्की बसवून निरनिराळ्या गटांची काडतुसे ५० मीटरवर झाडून पाहतात आणि ज्या गटाच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ बसतात, त्याचाच साठा करतात. ही चैन सर्वांना परवडणारी नाही. पण दोन-तीन प्रकारची काडतुसे क्लबमार्फत आजमावून पाहणे शक्य असते. खर्चाचा अंदाज बांधताना रायफलच्या किमतीइतकाच काडतुसांचा नियमित खर्च आणि परवान्यावरील त्यांची मर्यादा लक्षात घ्यावी. काडतुसांअभावी कपाटात पडून राहणारी उंची रायफल ही वाईट निवड होय.

कागदपत्रे: जुनी रायफल घेताना तिच्यावरील क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यातील नोंदीशी अक्षरशः जुळतो का, हे पाहावे. ती अर्धस्वयंचलित असून कागदावर केवळ '.२२ रायफल' अशी मोघम नोंद असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा आणि परवाना अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घ्यावा. वारसाने आलेल्या बंदुकांबाबत ही दक्षता अधिकच गरजेची आहे. आजोबांच्या काळी घेतलेली रायफल कोणत्या वर्गात मोडते, हे नातवाला बहुधा ठाऊक नसते.

'छोटी' गोळी, मोठी जबाबदारी

पॉइंट टू-टूला 'खेळण्यातली बंदूक' म्हणण्याची सवय काही जणांना असते. ही सवय घातक आहे. नळी किंचित वर करून झाडलेली .२२ ची गोळी दीड किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत जाऊ शकते. कठीण जमीन, दगड किंवा पाणी यांवर आपटून ती अनपेक्षित दिशेने उसळते. तिच्यामुळे जीव जाऊ शकतो. म्हणूनच सराव मान्यताप्राप्त मैदानावर, पाठीमागे मातीचा भक्कम बांध असलेल्या ठिकाणीच करायचा असतो. शेतात, टेकडीवर किंवा घराच्या गच्चीवर नाही.

रिमफायरमध्ये काडतूस न पेटण्याचे प्रसंग तुलनेने अधिक येतात. अशा वेळी बोल्ट लगेच उघडू नये. नळी लक्ष्याच्या दिशेने धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण काही वेळा काडतूस उशिरा पेट घेते. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. शिशाचे कण पोटात जाणे आरोग्याला अपायकारक असते. घरी रायफल आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत आणि किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा जागतिक विजेतेपद जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. त्यांनी झाडलेली प्रत्येक गोळी एकेक करून हाताने भरलेली होती. दोन गोळ्यांमधील तो अवकाश, ज्यात नेमबाज श्वास सावरतो, वाऱ्याचा अंदाज घेतो आणि मागची चूक विसरतो, हाच या खेळाचा गाभा आहे. अर्धस्वयंचलित यंत्रणा वाचवते तो नेमका हाच वेळ. म्हणून नव्या नेमबाजाने क्रम लक्षात ठेवावा: आधी संस्था, मग प्रशिक्षण, मग परवाना आणि सर्वांत शेवटी रायफल. या क्रमाने गेल्यास जी रायफल हाती येईल, ती कायद्याला मान्य असेल आणि नेमाला साथ देणारीही असेल.